तालुक्यातील नवा करवकील : तयारी, व्यवहार आणि जबाबदारी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, उमरखेड तालुक्यात, ढाणकी हे बाजारपेठेचे गाव आहे. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्हा सुरू होतो. कापूस, सोयाबीन, हळद आणि ऊस ही या परिसराची पिके. हंगामाच्या दिवसांत येथील एखाद्या अडत दुकानासमोर घटकाभर उभे राहिले, तर एकाच व्यवहाराला किती करकायदे स्पर्श करतात हे ध्यानात येते. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. पण तोच कापूस त्याच्याकडून घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला १५ नोव्हेंबर २०१७ पासून वस्तू व सेवा कर स्वतः भरावा लागतो. शेतकऱ्याने मिळालेली रक्कम पतसंस्थेत ठेवली, तर संस्थेच्या उत्पन्नाची करआकारणी हा आणखी एक विषय. दुकानाच्या इमारतीवर मालमत्ता कर आहे. आणि समोरून जाणाऱ्या शिक्षकाच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जातो.

गाव लहान असले, तरी करकायदा तेथे पूर्णपणे पोहोचलेला असतो. तो समजावून सांगणारा जाणकार मात्र बहुधा जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणीच भेटतो. याचा परिणाम काय होतो? नोटीस येते, ती कोणी वाचत नाही. मुदत टळते, एकतर्फी आदेश होतो. आणि बँकेतील खाते गोठविले गेले म्हणजे धावपळ सुरू होते. ही उणीव भरून काढण्याचे काम आज विधी महाविद्यालयातून बाहेर पडणारी ग्रामीण भागातील मुलेमुली करू शकतात. त्यांनी कोणती तयारी करावी, पहिली काही वर्षे कशी घालवावी आणि कोणत्या मोहांपासून दूर राहावे, याचा विचार या लेखात केला आहे. मुलांना मार्ग दाखविणारे शिक्षक, तसेच स्वतः करकपात करणारे अधिकारी आणि पंचायतींचे सदस्य यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

वऱ्हाडातील दोन खटले

करकायदा हा मुंबई-दिल्लीचा विषय आहे, असा एक समज आहे. वऱ्हाडचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. स्वातंत्र्यापूर्वी यवतमाळ जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे. या प्रांताने १९३८ साली मोटार स्पिरिट व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या पाच टक्के कर बसविणारा कायदा केला. अशा मालावर कर बसविण्याचा अधिकार प्रांताचा की केंद्राचा, हा प्रश्न गव्हर्नर जनरलांनी नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टाकडे विचारार्थ पाठविला. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या पीठाने प्रांताचा अधिकार मान्य केला. हा विक्रीवरील कर आहे, उत्पादन शुल्क नव्हे, असा त्या मताचा आशय होता. केंद्र आणि राज्य यांच्यातील कराधिकारांच्या वाटणीविषयी पुढे जी चर्चा झाली, तिच्या आरंभी हे प्रकरण उभे आहे.

दुसरा खटला शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील धामणगावचा. तेथील नगरपालिका समिती कापसातील सरकी काढणे आणि रुईच्या गाठी बांधणे यांवर कर घेत असे. व्यवसायांवरील अशा करासाठी संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने त्या वेळी वर्षाला २५० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. एका कंपनीकडून त्याहून अधिक वसुली झाली. कंपनीने जादा रक्कम परत मिळावी म्हणून दावा केला. असा दावा दिवाणी न्यायालयात चालतो काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६५ मध्ये बहुमताने निर्णय झाला : संविधानाने घातलेली मर्यादा ओलांडून घेतलेला कर हा अधिकाराविना घेतलेला कर होय, तो परत मागण्याचा मार्ग बंद होत नाही.

नव्या वकिलाने या दोन खटल्यांतून एक सवय उचलावी. कोणतीही आकारणी समोर आली की पहिला प्रश्न विचारावा : हा कर घेण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने, कोणाला आणि किती मर्यादेपर्यंत दिला आहे? कायद्याच्या अधिकाराविना कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येणार नाही, असे अनुच्छेद २६५ सांगतो. करवकिलीचा सारा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. अनुच्छेद २७६ मधील २५० रुपयांची मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली. शिक्षकांच्या पगारपत्रकावरील व्यवसाय कराचा वार्षिक आकडा त्यापुढे का जात नाही, याचे उत्तर येथे आहे.

व्यवसाय कराचा उल्लेख आलाच आहे, तर त्याची जन्मकथाही सांगण्याजोगी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांनी सार्वजनिक जीवनाच्या आरंभी पुसद येथे वकिली केली. ते मुख्यमंत्री असताना १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर राबविली गेली. तिच्या खर्चासाठी साधन उभे करण्याच्या हेतूने १९७५ चा व्यवसाय कर अधिनियम आला व १ एप्रिल १९७५ पासून अंमलात आला. पगारदाराच्या कपातीतून खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी निघावी, अशी ती योजना होती. कराच्या प्रत्येक कलमामागे असा काही हेतू असतो. तो समजला म्हणजे कलमाचा अर्थ लावणे सुकर होते.

पात्रता आणि प्रवेश

वकिलीसाठी विधी शाखेची पदवी आवश्यक आहे : बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची. त्यानंतर महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नावनोंदणी करून सनद घ्यावी लागते आणि २०११ पासून सुरू झालेली अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. नावनोंदणीच्या खर्चाचा प्रश्न गरीब घरातील मुलांना पूर्वी अडवीत असे. वकील परिषदांनी कायद्यात ठरविलेल्या रकमेपेक्षा अधिक शुल्क घेऊ नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला. ही वैधानिक रक्कम सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये इतकी आहे. शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांपर्यंत अवश्य पोहोचवावी.

कर अधिकाऱ्यापुढे आणि न्यायाधिकरणापुढे केवळ वकीलच उभा राहतो असे नाही. सनदी लेखापाल, तसेच वस्तू व सेवा कर कायद्याखाली नोंदलेले करव्यावसायिक यांनाही ठरावीक कामे करता येतात. तेव्हा नव्या वकिलाने त्यांच्याशी स्पर्धा मांडण्यापेक्षा सहकार्याचा मार्ग धरावा. हिशेब आणि लेखापरीक्षण हे लेखापालाचे क्षेत्र. कायद्याचा अर्थ, पुरावा आणि युक्तिवाद हे वकिलाचे. उच्च न्यायालयात युक्तिवादासाठी वकीलच लागतो. ढाणकीहून नांदेड जवळ वाटले, तरी यवतमाळ जिल्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचे पीठही नागपूरला आहे. वस्तू व सेवा कर अपील न्यायाधिकरणाचे उद्घाटन २४ सप्टेंबर २०२५ रोजी झाले; राज्यातील त्याच्या पीठांच्या ठिकाणांत नागपूरचा समावेश आहे. म्हणजे या जिल्ह्यातील करवकिलाची वाट नागपूरच्या दिशेने जाते.

आधी हिशेब, मग कायदा

करकायद्याच्या अभ्यासात विद्यार्थी बहुधा कलमांपासून सुरुवात करतात. सुरुवात हिशेबाच्या वहीपासून करावी, हे अधिक श्रेयस्कर. रोजमेळ, खतावणी, तेरीज, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद यांचा परस्परसंबंध ज्याला समजत नाही, त्याला निर्धारण अधिकाऱ्याने कोणती रक्कम कोठून उचलून उत्पन्नात मिळविली हे कळणार नाही. एखाद्या अडत्याची किंवा किराणा दुकानदाराची एका वर्षाची वही त्याच्या अनुमतीने समोर घ्यावी आणि पहिल्या पानापासून ताळेबंदापर्यंत स्वतः जुळवून पाहावी. हे काम कंटाळवाणे आहे. पण दहा व्याख्यानांनी जे साधत नाही ते त्याने साधते.

कायदा आणि हिशेब यांची ही सांगड नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तो १९२५ साली प्रसिद्ध झाला. मुंबईत वकिली सुरू केल्यानंतरच्या काळात, १९२५ ते १९२८ या वर्षांत, बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत असत. प्राप्तिकरावरील ज्या ग्रंथाचा आधार आजही घेतला जातो, तो कांगा आणि पालखीवाला यांचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला. ज्येष्ठ विधिज्ञ सर जमशेदजी कांगा यांच्या कार्यालयात नानी पालखीवाला कनिष्ठ म्हणून दाखल झाले होते. गुरुजनांच्या कार्यालयात बसून शिकण्याला पर्याय नाही, हे त्यावरून दिसते.

कायद्याचा अभ्यास करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या जागी २०२५ चा प्राप्तिकर अधिनियम संमत झाला असून, त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. पूर्वीच्या 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' या दुहेरी कल्पनेऐवजी नव्या कायद्यात 'कर वर्ष' ही एकच कल्पना आली आहे. तथापि जुन्या वर्षांच्या आकारण्या व अपिले जुन्या कायद्यानेच चालावयाची आहेत. म्हणून आजच्या उमेदवाराला दोन्ही अधिनियम शेजारी ठेवून वाचावे लागतील. त्यात नव्याजुन्यांचा एक प्रकारे सारखाच आरंभ आहे; चाळीस वर्षे वकिली केलेल्यासही नवी कलमे नव्यानेच पाठ करावयाची आहेत.

गावचे अर्थकारण हाच पहिला ग्रंथ

तालुक्यातील वकिलाने आपल्या परिसरातील पिके, संस्था आणि बाजार यांच्याशी निगडित करप्रश्नांत प्रावीण्य मिळवावे. ढाणकी परिसरापुरते चार विषय उदाहरणादाखल घेऊ.

पहिला विषय शेती उत्पन्नाचा. शेती उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. संविधानाने तो विषय राज्यांकडे दिला आहे. पण शेती उत्पन्न कशाला म्हणावे? जमिनीवर नांगरट, पेरणी, लावणी अशी मूलभूत कामे झाली असली पाहिजेत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने राजा विनयकुमार सहसराय यांच्या प्रकरणात १९५७ मध्ये मांडले. पीक हाती आल्यावर ते बाजारात नेण्याजोगे करण्यासाठी शेतकरी सर्वसाधारणपणे जी प्रक्रिया करतो, तिच्यामुळे उत्पन्नाचे स्वरूप बदलत नाही, असे कायदा सांगतो. हळदीचेच पाहा. ओली हळद कोणी बाजारात सहसा नेत नाही. ती शिजविणे, वाळविणे, घासून चकाकी आणणे हे शेतकरीच करतो. पण त्याने दळणयंत्र बसवून हळदपूड पुड्यांत भरून विकली, तर पुढच्या टप्प्यातील नफा व्यापाराचा मानला जाण्याचा प्रश्न उपस्थित होतो. रेषा कोठे ओढावयाची हे ठरविताना वकिलाला कायदा हवा आणि हळद शिजविण्याची पद्धतही ठाऊक हवी. दुसरी बाब पुराव्याची. सातबारा उतारा, पीकपाहणीची नोंद, बाजार समितीतील काटापट्टी व हिशोबपट्टी आणि बँकेतील जमा या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. सातबाऱ्यावर सोयाबीन आणि पट्ट्या हळदीच्या, असे झाले म्हणजे खरे उत्पन्नही संशयास्पद ठरते.

दुसरा विषय अडत व खरेदीचा. व्यापाऱ्याने एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक खर्च रोखीने दिला, तर तो खर्च मान्य होत नाही, असा प्राप्तिकराचा सर्वसाधारण नियम आहे. परंतु शेतमालाची किंमत प्रत्यक्ष पिकविणाऱ्याला दिली असेल, तर नियमांत अपवाद आहे. दुसऱ्या बाजूने, एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास मनाई आहे आणि ती शेतकऱ्यालाही लागू पडते. या दोन तरतुदी अडत्याला आणि शेतकऱ्याला हंगामापूर्वी सांगणे, हे हंगामानंतर अपील लढविण्यापेक्षा अधिक मोलाचे काम होय.

तिसरा विषय सहकाराचा. सेवा सहकारी सोसायट्यांना आणि पात्र पतसंस्थांना सभासदांशी होणाऱ्या कर्जव्यवहाराच्या उत्पन्नावर वजावट मिळते. केरळातील मावीलायी सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी या वजावटीचा उदार अर्थ लावला. परंतु आकारणी वर्ष २०१८-१९ पासून अशी अट आली की, विवरणपत्र मुदतीत भरले तरच ही वजावट मागता येते. समजा, एखाद्या संस्थेचे असे उत्पन्न बारा लाख रुपये आहे. विवरणपत्र वेळेवर गेले तर त्यावर कर शून्य. लेखापरीक्षण लांबले आणि तारीख टळली, तर संपूर्ण रकमेवर कराची मागणी निघू शकते. तो पैसा सभासदांचा असतो. साखर कारखान्यांचा प्रश्नही याच वर्गातला. उमरखेड तालुक्यात पोफाळी येथे वसंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाला वैधानिक किमतीहून दिलेला जादा दर हा खर्च की नफ्याची वाटणी, हा राज्यातील कारखान्यांचा वाद अनेक वर्षे चालला. तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्यावर निर्णय दिला आणि २०२३ च्या वित्त अधिनियमाने जुन्या वर्षांसाठी दिलासा दिला. सहकारी कारखान्यांना त्यातून सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा लाभ होईल, असे अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगण्यात आले होते.

चौथा विषय भूसंपादनाच्या मोबदल्याचा. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गासारख्या प्रकल्पांसाठी जमिनी संपादित होतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ खाली मिळणाऱ्या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या परिपत्रकाने ते स्पष्ट केले. पण संपादन कोणत्या कायद्याखाली झाले, हे आधी पाहावे लागते. वाढीव मोबदल्यावर न्यायालयाने दिलेल्या व्याजाचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. त्यावर न्यायालयांचे निर्णय एकाच दिशेचे नाहीत. शेतकऱ्याच्या आयुष्यात अशी रक्कम एकदाच हाती येते. निवाड्याची प्रत न वाचता 'काही होत नाही' असा सल्ला देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

तारखेचे भान

करवकिलीत ज्ञानापेक्षाही तारखेने अधिक प्रकरणे बुडतात. प्राप्तिकराच्या आदेशावर पहिले अपील ३० दिवसांत करावयाचे असते. सबळ कारण असेल तर विलंब क्षमापित होऊ शकतो. वस्तू व सेवा कराच्या आदेशावर अपिलासाठी तीन महिन्यांची मुदत आहे आणि पुढे केवळ एका महिन्यापर्यंतचा विलंब अपील अधिकारी क्षमापित करू शकतो. त्यासाठी वादातील कराच्या दहा टक्के रक्कम आधी भरावी लागते. गरीब दुकानदाराला ही दहा टक्के रक्कम उभी करण्यासही वेळ लागतो. म्हणून आदेश हाती येताच त्याला ती सांगितली पाहिजे.

२०२० पासून प्राप्तिकराची आकारणी व पहिले अपील यांची कार्यवाही मोठ्या प्रमाणावर 'चेहराविरहित' पद्धतीने, संगणकाद्वारे होते. अधिकारी कोठे बसला आहे हे पक्षकाराला कळत नाही आणि पक्षकाराला कार्यालयात जावे लागत नाही. ग्रामीण वकिलाच्या दृष्टीने ही फार मोठी अनुकूलता आहे. ढाणकीत बसून लिहिलेले उत्तर आणि मुंबईत बसून लिहिलेले उत्तर अधिकाऱ्याच्या पडद्यावर सारखेच दिसते. फरक पडतो तो केवळ लेखनाच्या गुणवत्तेने.

मात्र याच पद्धतीत एक मोठा धोका दडलेला आहे. नोंदणीच्या वेळी अनेक लहान दुकानदारांनी स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक न देता अर्ज भरून देणाऱ्या संगणक केंद्राचा क्रमांक दिलेला असतो. पुढे ते केंद्र बंद होते किंवा क्रमांक बदलतो. नोटीस संगणकीय संकेतस्थळावर लावली की कायद्याच्या दृष्टीने ती पोहोचविण्याचा एक मार्ग पूर्ण होतो; दुकानदाराला मात्र तिची वार्ताही नसते. म्हणून नव्या पक्षकाराचे पहिले काम कोणते? त्याच्या खात्यावरील क्रमांक व पत्ता त्याचाच आहे काय हे पाहणे. दुसरे काम, दर आठवड्याला ठरावीक दिवशी प्रत्येक पक्षकाराचे खाते उघडून पाहणे. तिसरे, एका जाड वहीत नोटिशीची तारीख, ती मिळाल्याची तारीख आणि उत्तराची शेवटची तारीख तीन रकान्यांत लिहून ठेवणे. उत्तर लिहिताना आधी घटना, मग पुरावा, मग कायदा हा क्रम ठेवावा. म्हणणे थोडक्यात मांडावे. प्रत्येक विधानापुढे सोबतच्या कागदाचा क्रमांक द्यावा आणि प्रत्यक्ष किंवा दूरदृश्य सुनावणी हवी असल्यास ती लेखी मागावी.

पंचायत आणि कार्यालये यांचे काम

पंचायतींचे सदस्य आणि कार्यालयप्रमुख हेही कर कापणारे असतात, हे अनेकदा विसरले जाते. कंत्राटदाराचे देयक देताना ठरावीक मर्यादेपुढे प्राप्तिकराची कपात करावी लागते : व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एक टक्का, अन्य असेल तर दोन टक्के. शिवाय अडीच लाख रुपयांहून अधिक मूल्याच्या करपात्र कंत्राटावर १ ऑक्टोबर २०१८ पासून स्थानिक संस्थांना वस्तू व सेवा कर कायद्याखाली दोन टक्के कपात करावी लागते. कपात केली पण विवरणपत्र दिले नाही, तर कंत्राटदाराच्या खात्यावर ती दिसत नाही. नाली बांधणाऱ्या लहान कंत्राटदाराचे पैसे असे अडकून पडतात आणि संस्थेवर विलंब शुल्क चढते. प्राप्तिकराच्या कपातीचे विवरणपत्र उशिरा दिल्यास १९६१ च्या कायद्यात दिवसाला २०० रुपये शुल्क ठरविलेले आहे. हे शुल्क अखेर गावाच्या निधीतून जाते. नव्या वकिलाने आपल्या परिसरातील ग्रामपंचायती, शाळा आणि संस्था यांना ही वेळापत्रके तयार करून द्यावीत. त्यातून ओळखी वाढतात, कामाची शिस्त लागते आणि गावाचे हितही साधते.

ढाणकीत आता नगरपंचायत आहे. आसपासच्या खेड्यांत ग्रामपंचायती आहेत. दोहोंची करआकारणी वेगवेगळ्या कायद्यांखाली चालते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची, म्हणजे कर आकारणी नोंदवहीची, काही पाने समजून घेतली, तरी मूल्य, दर, हरकत आणि अपील या करकायद्याच्या चारही पायऱ्या डोळ्यांसमोर येतात. अभ्यासाला याहून जवळचे साधन कोणते?

शुचितेची कसोटी

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. करवकिलाकडे माणसे आपले उत्पन्न, कर्ज आणि घरातील वाटणी उघड करून ठेवतात. ही माहिती बाहेर जाता कामा नये. निकालाच्या लाभावर टक्केवारीने शुल्क ठरविणे आणि कामासाठी जाहिरात करणे वकील परिषदेच्या नियमांनी निषिद्ध आहे. पक्षकाराची कराची रक्कम शक्यतो स्वतःच्या हाती घेऊच नये. ती त्याच्याच खात्यातून चलनाने भरली जावी आणि चलनाची प्रत त्याला त्याच दिवशी द्यावी.

पगारदारांच्या विवरणपत्रांचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. 'परतावा काढून देतो, त्यातील काही टक्के द्या' असे सांगणारे मध्यस्थ शाळा-कार्यालयांभोवती फिरतात. न भरलेले घरभाडे, न दिलेल्या देणग्या आणि नसलेले आजार विवरणपत्रात दाखविले जातात. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर विभागाने अशा खोट्या वजावटींबाबत देशात १५० ठिकाणी पडताळणीची कारवाई केली. उत्पन्न चुकीचे दाखविल्याबद्दल कराच्या दुप्पट, म्हणजे २०० टक्के दंडाची तरतूद आहे. आणि तो दंड मध्यस्थाला नव्हे, विवरणपत्र ज्याच्या नावाचे त्याला होतो. शिक्षक बंधुभगिनींनी आपल्या नावे काय भरले जाते ते स्वतः वाचल्याशिवाय संमती देऊ नये.

कायद्याच्या चौकटीत राहून कर कमी भरणे हे करनियोजन; व्यवहाराला खोटे रूप देऊन कर टाळणे ही फसवणूक. सर्वोच्च न्यायालयाने मॅक्डॉवेल प्रकरणात १९८५ मध्ये हा भेद सांगितला आहे. नव्या वकिलापुढे हा भेद ग्रंथातून येत नाही; तो एखाद्या ओळखीच्या माणसाच्या रूपाने येतो. 'माझा व्यापारातला नफा एवढा शेतीत दाखवा, सातबारा आहेच' असे तो म्हणतो. पहिल्या वर्षी शुल्काची निकड असते आणि नकार देणे जड जाते. पण लहान गावात वकिलाची पत एकदाच जाते. नकार देताना त्या माणसाला कायदेशीर वजावटी कोणत्या, जुनी चूक दुरुस्त करण्याचा मार्ग कोणता, हे समजावून सांगावे. बहुतेक माणसे अप्रामाणिक नसतात. त्यांना सरळ मार्ग कोणी दाखविलेला नसतो.

पहिल्या पाच वर्षांचा क्रम

वरील विवेचनातून एक साधा क्रम सुचतो. पहिली दोन वर्षे एखाद्या ज्येष्ठ करवकिलाच्या कार्यालयात, शक्य तर नागपूर, अमरावती किंवा यवतमाळ येथे, काढावीत. तेथे नोटिशींची उत्तरे, अपिलाची कारणे आणि घटनाक्रम यांचे मसुदे स्वतः लिहावेत व ज्येष्ठांनी केलेल्या दुरुस्त्या जपून ठेवाव्यात. न्यायाधिकरणाच्या सुनावण्यांना, काम नसतानाही, बसावे. तिसऱ्या वर्षापासून एक विषय निवडून त्यात खोल जावे : सहकार, शेतमाल किंवा भूसंपादन. रोज एक निर्णय पूर्ण वाचावा; त्याचा सारांश मराठीत एका पानावर लिहावा. पक्षकाराला त्याच्या भाषेत सांगता आले, तरच निर्णय समजला असे समजावे. चौथ्या-पाचव्या वर्षी गावी किंवा तालुक्याला स्वतंत्र कार्यालय थाटण्यास हरकत नाही. तोवर उत्पन्न थोडे असेल. घरच्यांनी धीर धरावा, हे पालकांना शिक्षकांनी सांगण्याजोगे आहे.

कर देणारा आणि कर घेणारा यांच्यामध्ये वकील उभा असतो. राज्याला त्याचे न्याय्य उत्पन्न मिळावे आणि नागरिकाकडून एक रुपयाही अधिकाराविना घेतला जाऊ नये, या दोन्ही गोष्टी त्याने सांभाळावयाच्या आहेत. धामणगावच्या कापूस गाठींवरील जादा कराचा हिशेब कोणी तरी एके दिवशी मर्यादेशी ताडून पाहिला, म्हणून तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ढाणकीच्या बाजारातील एखाद्या दुकानदाराच्या हाती उद्या नोटीस पडेल, तेव्हा ती त्याच दिवशी वाचून तिची तारीख वहीत टिपणारा तरुण वकील गावात असावा, एवढीच अपेक्षा.